राहिलेल्यांचा डबा

शाळेतल्या सगळ्यात लहान मुलांचा वर्ग तळमजल्यावर, स्वयंपाकघराला लागून होता, आणि तो तिथेच असावा हा बाईंचा हट्ट होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना वरची हवेशीर खोली देऊन पाहिली होती. "नको," बाई म्हणाल्या, "वर नेईपर्यंत खाऊ गार होतो आणि गोष्ट शिळी होते." त्यावर मोठ्या बाईंनी विषय सोडून दिला. बाईंपुढे बोलून उपयोग नसतो हे त्या नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकल्या होत्या.

बाईंची एक पद्धत होती. एरवी आठवड्यातून एकदा आणि मोठ्या सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात रोज, एक चित्रांचं पुस्तक वाचायचं. सुट्टीआधी अर्थातच सुट्टीची पुस्तकं. पुस्तकात जिथे कुणी काही खाताना दिसेल तिथे थांबायचं. त्या पानाला वर्गात 'खाऊचं पान' म्हणत, आणि त्या पानावर जे असेल ते, किंवा त्याचं एखादं भावंड, ताटलीतून समोर यायचं. समुद्राच्या पुस्तकाला केळ्याची होडी आणि सफरचंदाच्या फोडीचं शीड. डोंगराच्या पुस्तकाला कुस्करलेल्या बटाट्याचं शिखर, वर दह्याचा बर्फ. तंबूच्या पुस्तकाला मक्याच्या लाह्या, कारण त्यात चांदण्या फार होत्या. आगगाडीच्या पुस्तकाला पावाचे डबे आणि गाजराच्या चकत्यांची चाकं. चाकं खायला निम्मी मुलं तयार नसत, चाकं खाल्ली तर गाडी चालणार कशी. एका वर्षी एका पोरीने गाडीचा सगळा चाकांचा संच दप्तराच्या आतल्या कप्प्यात घालून घरी नेला, आणि सुट्टी संपल्यावर तिच्या आईने शाळेत येऊन त्या कप्प्याचं सविस्तर वर्णन केलं.

पद्धत म्हटली की नियम आले. ताटली सगळ्यांच्या हातात पोचल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा पहिला. बाई विचारायच्या, "सगळ्यांच्या हातात?" वर्ग एका सुरात ओरडायचा, "सगळ्यांच्या," आणि मगच पान उलटायचं. दुसरा नियम गैरहजर मुलांसाठी होता. जो आला नाही त्याचा वाटा दुसऱ्या कुणी खायचा नाही. तो पत्र्याच्या एका जुन्या डब्यात जायचा. त्या डब्याच्या झाकणाला पोचा आला होता आणि ते काढताना हमखास किंचाळायचं. मूल परत आलं की त्याला तो वाटा मिळायचा आणि तेवढं पान पुन्हा वाचलं जायचं, सगळ्या वर्गासमोर, त्याच्या एकट्यासाठी. आणि मूल जर बरेच दिवस येणारच नसेल, तर बाई स्वतः डबा आणि पुस्तक घेऊन त्याच्या घरी जायच्या. याच वर्षी खारूताईचा पाय मोडला होता. पुढचे दोन दात मोठे म्हणून ती खारूताई. आणि पडली झाडावरून नव्हे, पलंगावरून. तर बाई दोन बस बदलून, डबा मांडीवर धरून तिच्याकडे गेल्या आणि पलंगाच्या कडेला बसून खाऊचं पान वाचून आल्या.

बाईंच्या कडक न्यायाची एक गोष्टही शाळेत सांगितली जायची. त्यांची स्वतःची लेक कधीकाळी याच वर्गात होती. एकदा स्वयंपाकघरातल्या मावशींच्या हातून ट्रे कलंडला आणि एक ताटली कमी पडली. बाईंनी क्षणभरही विचार न करता लेकीच्या हातातली ताटली काढून शेजारच्या मुलीला दिली. "तू घरचीच आहेस, तुला घरी देते," म्हणाल्या आणि पान उलटलं. त्या वेळच्या मोठ्या बाई नेमक्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पालकसभेत हे सांगितलं, टाळ्या पडल्या. पुढे बाईंनीही ही गोष्ट नव्या शिक्षिकांना कितीदा तरी ऐकवली. घरी गेल्यावर लेकीला काही दिलं की नाही, हे मात्र त्या गोष्टीत कधी येत नसे.

ती लेक आता लांबच्या देशात होती. नवरा, नोकरी, घर, सगळं तिकडेच. जाताना तिने आईला किती विनवलं होतं, सुट्टीत तरी येत जा. बाईंचं नाक तेव्हा फार वर होतं. "तुम्ही जा. मी काही तिथे येऊन परक्या दारात उभी राहणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. "माझी आठवण आली तर तुम्ही या." पहिली काही वर्षं लेक फोनवर म्हणायची, "आई, तूच ये ना." मग ते म्हणणं कमी झालं, आणि नंतर थांबलं. कधी थांबलं ते बाईंच्या लक्षात आलं नव्हतं. एक दिवस नुसतं जाणवलं, की हल्ली ती तसं म्हणत नाही.

नात एकदाच आली होती, रांगत होती तेव्हा. आता ती फोनच्या पडद्यावर राहायची. तिचं कपाळ तेवढं बाईंना नीट माहीत होतं, कारण ती फोन नेहमी तिरका धरायची. बाईंचे यजमान जाऊन बराच काळ लोटला होता, आणि संध्याकाळी घरात आवाज करणारे दोघंच उरले होते, बाई आणि फ्रिज. त्यातही फ्रिजच जास्त बोलायचा. रोज परक्यांच्या पोरांची नाकं पुसताना बाईंना वाटायचं, आपल्या नातीचं नाक कोण पुसत असेल. नात याच वर्गाच्या वयाची होती. पुढच्या वर्षी ती मोठी होईल, स्वतःचं स्वतः वाचेल, मग तिला खाऊच्या पानाचं काय कौतुक. म्हणून यंदा लेकीने फोनवर "या सुट्टीत येतो आम्ही दोघी" असं म्हटलं, तेव्हा बाईंना हातातला फोन कुठे ठेवावा ते सुचेना.

बाई आनंदात होत्या आणि आनंदात माणूस जरा जास्तच बेत करतो. शुक्रवारचं, म्हणजे वर्षाचं शेवटचं, पुस्तक ठरलेलं होतं. त्यात एक आजी अंगणात टेबल मांडते. टेबलावर मनुकांचे डोळे लावलेली हसरी बिस्किटं असतात आणि एक खुर्ची रिकामी असते. हे खाऊचं पान. पान उलटलं की बस येते आणि बसमधून नात उडी मारते. बाईंच्या मनात आलं, त्याच वेळी वर्गाचं दार उघडलं तर? इतकी वर्षं पानावरचं खाणं ताटलीत आणलं. एकदा पानावरचं माणूस का आणू नये?

सोमवारी केळ्याच्या होड्या खाऊन झाल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी मुलांना सांगून टाकलं.

"शुक्रवारी पुस्तकातली नात येणार आहे. खरीखुरी."

"का?" काकासाहेबांनी विचारलं. काकासाहेब वर्गात सगळ्यात बुटके होते आणि दर वाक्याला 'का' विचारायचे, म्हणून त्यांना ही पदवी मिळाली होती.

"कारण ती माझी नात आहे."

"मग तिला खुंटी कुठली?" खारूताईने विचारलं.

प्रश्न रास्त होता. दप्तर अडकवायला वर्गात प्रत्येकाची खुंटी होती आणि खुंटीवर प्रत्येकाचं चित्र, चंद्र, छत्री, बदक असं. खुंटी नाही तो वर्गातला नाही, हे मुलांचं साधं गणित होतं. दाराजवळची एक खुंटी रिकामी होती, पण चांगली चांगली चित्रं आधीच गेलेली. बरीच घासाघीस होऊन नातीच्या वाट्याला चमचा आला. खारूताईने तो काढला. तो फावड्यासारखा झाला होता, पण बाईंनी तो चिकटवला आणि जाता येता त्याच्याकडे पाहत राहिल्या.

बुधवारी संध्याकाळी फोन आला.

"आई, थोडं पुढे ढकलावं लागतंय," लेक म्हणाली. "ऑफिसमधून सुटका होत नाही. पुढच्या आठवड्यात निघतो."

"पुढच्या आठवड्यात? अगं, शुक्रवारी शाळा बंद होते."

"हो, मग बरंच की. तू मोकळी असशील."

"मोकळी कसली. मुलांना सांगून ठेवलंय मी. खुंटी लावलीये तिला. शुक्रवार चुकला तर मग येऊन काय उपयोग?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. वाक्य तोंडातून गेलं आणि बाईंना ते फोनमधून पलीकडे जाताना जणू ऐकू आलं. परत ओढून घेता आलं असतं तर त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं असतं.



"उपयोग," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "आई, तुला ती भेटायला नकोय. वर्गाला दाखवायला हवीये."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. तुझं नेहमी तसंच असतं. ठेवते, तिला शाळेत सोडायचंय."

गुरुवारी मधल्या सुट्टीत निरोप आला. या सुट्टीत जमेलसं वाटत नाही, तिकिटं रद्द करते आहे, रागावू नकोस. बाईंनी तो वाचला, फोन पर्समध्ये टाकला आणि पावाच्या डब्यांना गाजराची चाकं लावत बसल्या. लेकीला फोन करावा असं त्यांना वाटलं नाही असं नाही. फार वाटलं. पण अशा वेळी नेमकं काय बोलायचं असतं हे त्यांना शिकवायला कुणी बाई भेटल्या नव्हत्या.

शाळा सुटल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या. बिस्किटं आदल्या दिवशी भाजून ठेवायची असत, म्हणजे मनुका पक्क्या बसतात. मावशींचं पीठ मळून तयार होतं. मावशी या शाळेत बाईंच्याही आधीपासून होत्या आणि बाईंना घाबरत नसलेल्या त्या शाळेतल्या एकट्या.

"ती येत नाहीये," बाई म्हणाल्या. "एक कमी करा."

मावशींनी पिठाचा गोळा दाबला. "का बरं?"

"तुम्ही त्या काकासाहेबांच्या वर्गात जाऊन बसा आता."

मावशी हसल्या नाहीत. वाटीने गोल कापत राहिल्या. बाई शेजारी उभ्या राहून प्रत्येक गोलाला दोन मनुका लावू लागल्या. ओव्हन तापत होता, खिडकीवर वाफ धरली होती, आणि बाहेर कुणाचा तरी बाप पोराला हाका मारत होता. बाईंना एकदम फार एकटं वाटलं. नात इथे असती तर स्टुलावर चढून मनुका लावल्या असत्या तिने, निम्म्या तोंडात टाकल्या असत्या, आणि आपण रागावल्यासारखं केलं असतं. नुसतं रागावल्यासारखं करायलासुद्धा कुणीतरी लागतं.

"लेक तुमच्यावर गेलीये," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तो कोपऱ्यातला वाकडा डोळा नीट करा."

शुक्रवारी बाईंना वाटलं होतं, दुसरंच एखादं पुस्तक घ्यावं. पण वर्गात शिरल्या तर सगळी मुलं सतरंजीवर आधीच बसलेली, तोंडं दाराकडे. काकासाहेब तर पाठमोरेच. चमच्याच्या खुंटीखाली कुणीतरी स्वतःची पाण्याची बाटली ठेवली होती, पाहुणीला तहान लागली तर म्हणून. आता पुस्तक बदलणं म्हणजे या सगळ्यांना फसवणं झालं असतं. बाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी वाचायला घेतलं.

आजी पहाटे उठते. आजी अंगण झाडते. आजी फाटकाकडे पाहते. एरवी या पानांवर बाई आवाज बदलायच्या, कमरेवर हात ठेवून आजी व्हायच्या. आज आवाज बदलावा लागला नाही. फाटकाच्या पानावर त्यांनी खोकल्याचं सोंग केलं.

मग टेबलाचं पान आलं. मावशी ट्रे घेऊन आत आल्या आणि ताटल्या वाटू लागल्या. प्रत्येक ताटलीत एक हसरं बिस्किट. सगळ्यांना मिळून ट्रेवर एक ताटली उरली. मावशींनी कालचं ऐकलं होतं, पण केलं नव्हतं. ती ताटली त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि हात पुसत दाराशी उभ्या राहिल्या.

"सगळ्यांच्या हातात?" बाईंनी सवयीने विचारलं.

"सगळ्यांच्या," वर्ग ओरडला.

आणि बाईंचा हात पानावरच थांबला.

त्यांना त्या दिवशीची लेक दिसली. पहिल्या ओळीत, पाय जुळवून बसलेली. ताटली काढून घेतलेली, हात रिकामे. बाईंनी तेव्हाही विचारलं होतं, "सगळ्यांच्या हातात?" आणि सगळ्या वर्गाबरोबर तीही ओरडली होती, "सगळ्यांच्या." इतरांपेक्षा जरा मोठ्याने. आईचा नियम मोडू नये म्हणून. बाईंनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती, आणि एकदाही त्यांना तो आवाज त्यात ऐकू आला नव्हता. घरी गेल्यावर त्या दिवशी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता, मग स्वयंपाक होता. घरी द्यायचं ते दिलंच नव्हतं. लेकीनेही मागितलं नव्हतं.

"बाई, पान," कुणीतरी म्हणालं.

बाईंनी पान उलटलं. बस आली. नात उडी मारून उतरली. आजीने दोन्ही हात पसरले. सगळ्या वर्गाने माना वळवून दाराकडे पाहिलं. दारात मावशी होत्या.

"ही तर मावशी आहे," काकासाहेब म्हणाले.

"हो. माझी नात नाही येऊ शकली," बाई म्हणाल्या.

"का?"

काम निघालं, असं सांगायचं बाईंनी ठरवलं होतं. पण पुढ्यात चौफेर मनुकांचे डोळे होते आणि मुलांचेही.

"मी तिच्या आईशी नीट बोलले नाही, म्हणून."

मुलांना यात काही विशेष वाटलं नाही. नीट न बोलणारी मोठी माणसं त्यांनी घरी पाहिलेली होती. खारूताई उठली, थोडी लंगडत टेबलापाशी गेली आणि उरलेली ताटली उचलली.

"मग हिचा वाटा डब्यात."

"अगं, ती वर्गात नाहीये आपल्या."

"खुंटी आहे की तिची."

कपाटातून डबा आला. झाकण किंचाळलं, नेहमीप्रमाणे मुलं हसली, आणि बिस्किट आत जाऊन बसलं.

"ती आली की पुन्हा वाचायचं हे पान?" दुसऱ्या एका मुलीने विचारलं.

"सुट्टीनंतर तुम्ही सगळे वरच्या मजल्यावर जाल. इथे नवी मुलं येतील."

"मग डबा?"

बाईंनी डब्याचं झाकण उगीच दाबून पाहिलं.

"मग बाई घेऊन जातात," खारूताईने इतरांना समजावलं. ज्याचा पाय मोडलेला असतो त्याला या बाबतीत अधिकार असतो. "आपण खूप दिवस आलो नाही तर बाई येतात घरी. माझ्याकडे नाही का आल्या? पलंगावर बसून वाचलं."

"तिचं घर फार लांब आहे गं," बाई म्हणाल्या.

"किती बस?"

"बस जात नाही तिथे. विमानाने जावं लागतं."

खारूताईने थोडा विचार केला. "मग विमानात डबा मांडीवर धरा. बसमध्ये धरला होता तसा. नाहीतर डोळे पडतात."

दाराशी मावशींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय ते बाईंना दिसलं नाही, कारण त्यांना त्या वेळी काहीच नीट दिसत नव्हतं.

शाळा सुटली. दप्तरं खुंट्यांवरून उतरली, चित्रं ज्याची त्याने सोलून नेली, चमचा तेवढा राहिला. बाईंनी तो हलकेच सोडवला आणि पुस्तकात ठेवला. बाहेरची ओरड ओसरली. वर्गात बिस्किटांचा चुरा आणि त्या. लेकीकडे आता सकाळ असेल, कामावर निघायची गडबड असेल. नेहमी बाई अशा वेळी फोन करत नसत. आज त्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीशी आले, डबा खरोखरच मांडीवर घेतला आणि नंबर लावला.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. ऐक. घाई आहे का तुला?"

"आहे. बोल."

बाईंनी वाक्य जुळवून ठेवलं होतं. मुलांना कविता म्हणायला उभं केलं की पहिली ओळच जाते, तसं त्यांचं ते गेलं.

"मी येऊ का?" त्या म्हणाल्या. "तिकडे. तुझ्याकडे. तुम्हाला चालणार असेल तर."

पलीकडे भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला.

"तू म्हणाली होतीस परक्या दारात..."

"म्हणाले होते. मूर्ख होते. तू 'ये ना' म्हणायची बंद झालीस, तेव्हापासून रोज वाट पाहतेय की पुन्हा कधी म्हणशील. तू नाही म्हणालीस. आता मीच विचारते." त्यांनी नाक पुसलं. "इथे पोरीच्या नावाचा वाटा पडलाय डब्यात. दुसरा नियम. मूल येत नसेल तर बाईने जायचं."

बोलता बोलता त्यांनी उगीचच झाकण उघडलं. ते किंचाळलं, रिकाम्या वर्गात जरा जास्तच.

"तोच डबा?" लेकीचा आवाज एकदम बदलला. बारीक झाला.

"तोच."

"अजून ओरडतो?"

"अजून."

पलीकडून नातीचा आवाज येत होता, कोण आहे, आजी आहे का, मला दे. लेकीने फोन दिला नाही.

"आई," ती म्हणाली. हसत म्हणायला गेली असावी, ते जमलं नाही. "त्यात माझा वाटा आहे का गं?"

बाईंनी डब्यात पाहिलं. तळाशी एकच बिस्किट होतं, दोन्ही डोळे शाबूत.

"आहे," त्या म्हणाल्या. "हा तुझाच आहे. तिच्यासाठी मी दुसरा करते."